सूत एकसारखे नव्हते : वर्ध्यात घडलेल्या एका भरवशाच्या नावाची गोष्ट

ब्रँड म्हणजे सातत्य, असे व्यवसायाचे धडे देणारा प्रत्येक जण सांगतो. तोच रंग, तीच चव, तोच दर्जा, ठरल्या दिवशी ठरलेला माल. हे वाक्य ऐकताना काही उद्योजिकांच्या पोटात गोळा येतो. एडीएचडी असलेल्या स्त्रीला दहा कल्पना सुचतात, पाच सुरू होतात, दोन तडीस जातात. एका रात्रीत आठवड्याचे काम उरकते आणि पुढचे चार दिवस साधे बिल लिहावयास हात उचलत नाही. मालात खोट नसते, हातात कसब असते. तरीही ‘जिचा स्वतःवर भरवसा नाही, तिच्या मालावर गिऱ्हाइकाने का ठेवावा?’ हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नाही.

प्रश्न आजचा वाटतो. वर्धा जिल्ह्यात तो सुमारे नव्वद वर्षांपूर्वी वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता आणि तोही एका स्त्रीविषयी नव्हे, खेडोपाडीच्या असंख्य स्त्रियांच्या हातांविषयी. आजचा हा धागा त्या हातांतून निघालेल्या धाग्यावर.

पण आधी एका मोडलेल्या नावाकडे पाहिले पाहिजे, आणि तेही वर्धा जिल्ह्यातलेच आहे. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ हे केवळ बाजारपेठेचे नाव नव्हते. मध्य भारतातील चांगल्या कापसाची ती ओळख होती. लिव्हरपूलच्या बाजारात या नावाने भाव बोलला जाई. ‘बनी’ या जातीचा तो कापूस, तंतू तुलनेने लांब आणि तलम. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले.

अशा दिवसांत नावाचे काय होते, हे बाजार जाणणाऱ्यास सांगावयास नको. जाडाभरडा परंतु रुईचा उतारा अधिक देणारा कापूस चांगल्या कापसात मिसळला जाऊ लागला. सरकीच मिसळली, तेव्हा पुढच्या पेरणीत जातही मिसळली. मुंबई सरकारने कापसातील फसवणूक रोखण्यासाठी १८६३ मध्ये कायदा केला. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक बियाण्याच्या शुद्धतेची चिंता करीत राहिले. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर गणित सरळ होते : तलम कापसाला जो चढा भाव मिळे, त्यातील किती हिस्सा त्याच्या घरी येत होता? आणि तो कापूस वेचणाऱ्या बायांच्या ओटीत किती पडत होता? नाव हिंगणघाटचे होते, नावाचा नफा मात्र दुसरीकडेच मुरत होता. ज्याला नावातून काही मिळत नाही, तो नावाची राखण करीत नाही. मालातली भेसळ सर्वांना दिसली. तिच्या मुळाशी असलेला हा व्यवहार फारसा कोणी पाहिला नाही.

आता खादीकडे. तिची पहिली भरवशाची निर्मिती एका उद्योजक स्त्रीने उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि त्यासाठी थोडा वेळ वर्ध्याबाहेर, गुजरातेत जावे लागते. १९१७ मध्ये भडोच येथील शिक्षण परिषदेत गांधीजींची भेट गंगाबेन मजमुदार यांच्याशी झाली. गंगाबेन विधवा होत्या. रूढ अर्थाने शिक्षण बेताचेच. घोड्यावर बसून एकट्या हिंडत, अस्पृश्यता मानीत नसत. गांधीजींना चरखा हवा होता आणि तो कोठेच सापडत नव्हता. गंगाबेननी बडोदे संस्थानातील विजापूर येथे घराघरांच्या माळ्यांवर पडलेले चरखे शोधून काढले. बायका कातावयास तयार होत्या. अट एकच, पेळू मिळत राहावेत आणि सूत विकत घेतले जावे.

पुढचा भाग खरा उद्योजकाचा आहे. पेळू आधी मुंबईच्या उमर सोबानींच्या गिरणीतून आले. गिरणीचे पेळू नकोत असे ठरल्यावर गंगाबेननी पिंजारी शोधला. त्याने महिना ३५ रुपये मागितले, ते मान्य झाले, आणि त्याच्या हाताखाली तरुणांना पेळू करावयास शिकविले गेले. सूत विणण्यासाठी विणकर गाठले. आश्रमात तयार झालेल्या पहिल्या खादीची किंमत वाराला १७ आणे पडली होती आणि पन्हा अपुरा होता. गांधीजींनी गंगाबेनना निर्वाणीचे कळविले : महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचे धोतर मिळाले नाही, तर आखूड जाडेभरडे नेसून राहीन. महिना उलटण्याच्या आत धोतरजोडी पोहोचली. विजापूरच्या खादीचे नाव झाले ते अशा व्यवहारातून. गंगाबेनना आज ‘एडीएचडी’ असे लेबल लावण्याचा मोह काहींना होईल. घोडा, भटकंती, चारी दिशांना धावणारा उत्साह! तो मोह टाळावा. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे रोगनिदान तुटपुंज्या वर्णनावरून करणे हा इतिहास नव्हे आणि वैद्यकही नव्हे. त्यांच्याविषयी निश्चित म्हणता येते ते एवढेच, की एकटीच्या जिद्दीवर सर्व काही सोपविण्याऐवजी त्यांनी पिंजारी, कातणारी, विणकर आणि खरेदीदार अशी साखळी बांधली.

एका बाईच्या ओळखीवर चालणारे नाव गावापुरते टिकते. देशभर न्यायचे तर काय? सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला, तेव्हा हा प्रश्न दारात उभाच होता. खादीला मागणी वाढताच गिरण्यांनी जाडेभरडे कापड ‘खादी’ म्हणून बाजारात आणले. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी फरक कळणे कठीण होते. म्हणून संघाने विक्रेत्यांना प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. ‘प्रमाणित खादी भांडार’ या तीन शब्दांत आजच्या ब्रँडचा सारा सांगाडा सामावलेला आहे.

याहून गमतीची गोष्ट १९३४ मध्ये घडली. ज्या सरकारविरुद्ध खादी उभी होती, त्याच्याच विधिमंडळाने खद्दर नाव-संरक्षण कायदा संमत केला. त्या वर्षाचा तो पहिलाच अधिनियम. ‘खादी’ आणि ‘खद्दर’ हे शब्द कापडावर व्यापारी वर्णन म्हणून वापरावयाचे, तर ते कापड हिंदुस्थानात हाताने कातलेल्या कापसाच्या सुताचे आणि हातमागावर विणलेलेच असले पाहिजे, हे त्यात आले. सविनय कायदेभंगात खादी घालणारे तुरुंगात जात होते आणि दुसरीकडे खादीचे नाव कायद्याच्या पुस्तकात सुरक्षित होत होते. इतिहासाला विनोदबुद्धी असते, याचे हे एक उदाहरण.

मात्र कायद्याने राखले ते नाव. कापडाचा दर्जा कायदा राखू शकत नव्हता. तो चरख्यावर बसलेल्या बाईच्या बोटांत होता.

इथे थोडे सुताजवळ थांबले पाहिजे, कारण या धाग्याचा कणा तोच आहे. कातणे बाहेरून यांत्रिक वाटते. उजवा हात चाक फिरवतो, डावा पेळूतून तंतू ओढतो. पण ओढण्याचा वेग आणि पिळाचा वेग यांचा मेळ क्षणोक्षणी बसवावा लागतो. लक्ष विचलित झाले आणि हात मागे राहिला, की तेवढ्या जागी सूत जाड येते. हात पुढे गेला, की बारीक होऊन तुटते. पीळ कमी पडला तर कस जातो, अधिक झाला तर सुताला आढ्या पडतात. म्हणजे सूत ही लक्षाची नोंदवहीच. कातणारीचे मूल कधी रडले, दारात कोण आले, मन कुठे गेले, हे सारे त्यात उमटते. हे सूत विणकराकडे गेले की त्याची पंचाईत होई. ताण्यातील अशक्त तार पुनःपुन्हा तुटे, प्रत्येक वेळी माग थांबवून गाठ मारावी लागे आणि त्याची दिवसाची कमाई बुडे. हातसुतापेक्षा गिरणीचे सूत विणकराला प्रिय होते, त्यामागे देशभक्तीचा अभाव नव्हता, पोट होते.

तेव्हा सुताची विषमता हा खादीच्या भरवशाचा सर्वांत कच्चा दुवा ठरला. त्यावर उपाय म्हणून ‘बायकांनी मन लावून कातावे’ असा उपदेश करणे सर्वांत स्वस्त होते, आणि तो भरपूर केलाही गेला. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा. पेळू नीट असेल, तर सूत निम्मे आपोआप सुधारते, म्हणून पिंजणाकडे लक्ष गेले. चाते वाकलेले असेल तर एकाग्रतेचा महामेरूही सारखे सूत काढू शकत नाही, म्हणून साधन-दुरुस्ती आली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माप आले. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुंडीच्या वजनावरून सुताचा अंक निघे आणि अंक व कस पाहून मजुरी ठरे. पसरलेले, न संपणारे काम असे मोजता येणाऱ्या तुकड्यांत विभागले गेले. कातणारीला आपण कोठवर आलो हे डोळ्यांसमोर दिसू लागले. खरेदीदारालाही कळू लागले.

आज एडीएचडी असलेल्या प्रौढांना तज्ज्ञ जे सांगतात, त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. मोठे काम लहान तुकड्यांत फोडावे, वेळ आणि प्रगती डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी, स्मरणशक्तीवर न विसंबता बाहेर नोंद करावी, इतरांच्या सोबतीने कामास बसावे. चरखा संघाच्या कार्यकर्त्यांना मेंदूच्या कार्याविषयी काही ठाऊक नव्हते. त्यांना सूत हवे होते. टकळी हा कोणत्याही अवस्थेवरील उपचार आहे असा अर्थ कोणी काढू नये. मुद्दा एवढाच, की माणसाचे लक्ष एकसारखे नसते हे गृहीत धरून कामाची मांडणी करता येते, आणि तशी ती केली गेली होती.

या मांडणीतील सर्वांत मोठी खोट मात्र मापात नव्हती. ती दामात होती, आणि तिचा निकाल वर्ध्यात लागला.

जमनालाल बजाज यांच्यामुळे वर्धा चळवळीचे केंद्र बनत गेले होते. विनोबा १९२१ मध्ये आश्रम चालविण्यास आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना वर्ध्यात झाली, जमनालालजींनी आपली बाग दिली, मगनलाल गांधींच्या नावाने ती ‘मगनवाडी’ झाली आणि संघाची सूत्रे अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आली. जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवी यांनी पडदा सोडला, दागिने उतरविले, घरातील विदेशी कापडाची होळी केली आणि जाडीभरडी खादी अंगावर चढविली. वर्ध्याच्या सर्वांत श्रीमंत घरातील बाई जे वस्त्र नेसते, त्याला ‘गरिबाचे कापड’ म्हणून नाक मुरडणे इतरांना अवघड जाई. जाहिरात या शब्दाचा इतका स्वच्छ नमुना क्वचित सापडेल.

परंतु ज्या बाईने सूत कातले, ती काय नेसत होती? आणि काय खात होती?

वर्ध्यालगतच्या नालवाडीत विनोबा १९३२च्या अखेरीस राहावयास गेले. १९३५च्या सुमारास त्यांनी एक प्रयोग आरंभिला. दिवसाचे आठ-साडेआठ तास कातावयाचे आणि त्या मजुरीत आपला निर्वाह कसा होतो ते पाहावयाचे. विनोबांचा हात कसलेला, लक्ष विलक्षण स्थिर, साधने उत्तम. तरीही संघाच्या तेव्हाच्या दराने दिवसाची कमाई दोन आण्यांच्या आसपासच भरे. साध्या राहणीलाही ती पुरणारी नव्हती. घरचे सारे सांभाळून, मधूनमधून उठत, मोडक्या चात्यावर कातणाऱ्या खेड्यातील बाईच्या हाती किती पडत असेल, याचा हिशोब वेगळा मांडावा लागला नाही. ‘बायकांचे लक्ष लागत नाही म्हणून त्या कमी कमावतात’ या समजुतीचा पायाच या प्रयोगाने काढून घेतला. लक्ष पूर्ण लागले, तरी पोट भरत नव्हते.

गांधीजींनी १९३५ मध्ये ‘हरिजन’मधून हा प्रश्न लावून धरला. आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. संघातील अनुभवी माणसे हादरली. त्यांचा आक्षेप कृपण नव्हता, तो व्यवहारी होता. मजुरी वाढली की खादी महागणार, महागली की खप घटणार, खप घटला की त्याच बायांचे काम जाणार. आजही कोणत्याही लहान उद्योगाच्या हिशोबात हा पेच सापडेल. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्यात चरखा संघाच्या कार्यकारी मंडळाची बैठक झाली आणि ठराव झाला. आठ तासांच्या कार्यक्षम कामाबद्दल कातणाऱ्यास किमान पुरेसे कपडे, म्हणजे वर्षाला २० वार, आणि शास्त्रीय दृष्ट्या ठरविलेल्या किमान आहाराइतके अन्न मिळेल अशी मजुरी मिळाली पाहिजे. तत्त्व म्हणून जीवनवेतन मान्य झाले. प्रत्यक्षात आठ आणे गाठता आले नाहीत, पहिल्या टप्प्यात दर तीन आण्यांच्या आसपास आला. पण जो विक्रेता हे किमान दर पाळणार नाही, त्याचे प्रमाणपत्र जाणार हेही ठरले.

या एका अटीचे महत्त्व सहज निसटते. त्याआधी ‘प्रमाणित खादी’ म्हणजे हातकताई-हातविणाईचे कापड, एवढाच अर्थ होता. आता त्या शिक्क्यात कातणारीच्या ताटातले अन्नही आले. गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दात कारागिराला दिलेला शब्द मिसळला. उचित मजुरीची हमी मालाच्या शिक्क्यात गोवणारी चळवळ पाश्चात्त्य बाजारांत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. वर्ध्याचा ठराव त्याच्या आधीचा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्धा म्हणजे १९३७ची शिक्षण परिषद आणि १९४२च्या जुलैतला ठराव. हा तिसरा ठराव फारसा कुणाला आठवत नाही, आणि ते खटकते.

तरीही याला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. कातणाऱ्या बायांवर खादीच वापरण्याची अट आली, मजुरीचा काही भाग त्यासाठी खादीच्या रूपाने दिला जाई. ज्या घरात मीठ-तेलाला रोकड हवी, तिथे हा निर्णय दुसऱ्यांनी तिच्यासाठी घेतलेला होता. ठराव करणाऱ्यांत कातणारी बाई नव्हती. पुढे १९४४च्या अखेरीस सेवाग्राममध्ये गांधीजी आणि वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू यांच्यात संघाच्या नवसंस्करणावर प्रदीर्घ चर्चा झाली आणि १९४५ मध्ये खादी घेताना किमतीचा काही अंश सुताने द्यावा अशी योजना आली. उद्देश उदात्त असेल, पण दुकानात पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकास ‘आधी कातून या’ सांगणारा ब्रँड जगात दुसरा नसावा! सर्वांत मोठी त्रुटी मात्र नावांची. जमनालाल, विनोबा, कुमारप्पा, जाजू ही नावे वर्ध्याच्या इतिहासात ठळक आहेत. ज्यांच्या बोटांवर सारा डोलारा उभा होता, त्या स्त्रिया कागदोपत्री ‘कातणारी’ या एका शब्दात उरतात.

स्त्रिया आकड्यांत असणे आणि कथेत नसणे, हा दोष खादीच्या इतिहासापुरता नाही. एडीएचडीच्या इतिहासातही तो जसाच्या तसा सापडतो. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी लक्ष आणि आवेग यांवर ताबा नसलेल्या मुलांविषयी व्याख्याने दिली. त्यांनी पाहिलेल्यांत मुलग्यांची संख्या अधिक होती. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी अशा मुलांवर बेन्झेड्रीनचा परिणाम नोंदविला. (त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्यात देशभरचे शिक्षक जमून, हातांना काम दिल्याखेरीज मूल शिकत नाही, असा विचार मांडत होते. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही, पण एका जागी बसू न शकणारे मूल दोन्हीकडे डोळ्यांसमोर होते.) १९६८च्या अमेरिकी वर्गीकरणात ही बालपणीची अतिचंचलता मानली गेली. १९८० मध्ये तीत ‘लक्ष’ केंद्रस्थानी आले आणि १९८७ मध्ये आजचे नाव रूढ झाले. मोजपट्टी बाकावरून उठून पळणाऱ्या मुलग्यांवरून तयार झाली होती. खिडकीबाहेर पाहत शांत बसणारी मुलगी तीत बसेना. ती ‘धांदरट’ ठरली, ‘धरसोड वृत्तीची’ ठरली, लग्नानंतर ‘संसारात लक्ष नसलेली’ ठरली. म्हणूनच पुष्कळ स्त्रियांना निदान तिशी-चाळिशीत होते, कित्येकदा स्वतःच्या मुलाची तपासणी करताना. भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही.

अशी स्त्री उद्योग काढते तेव्हा तिला सर्वत्र ‘आत्मविश्वास वाढवा’ असा सल्ला मिळतो. म्हणजे सूत जाड-बारीक येत असेल तर मन घट्ट करा! नालवाडीच्या प्रयोगाने जे दाखविले, ते याच्या नेमके उलट आहे. तिच्या आत्मविश्वासाची झीज दर महिन्याला चुकलेल्या तारखांनी, विसरलेल्या उत्तरांनी आणि ‘मी अशीच’ या निष्कर्षाने होते, आणि त्या तारखा बहुधा तिच्या डोक्याखेरीज कोठेच लिहिलेल्या नसतात. मागणीची वही दुसऱ्या कोणाच्या हाती असणे, मालाची तुकडी लहान ठेवणे, गिऱ्हाइकाला सात दिवसांऐवजी बारा दिवसांचा शब्द देणे आणि तो पाळणे, कंटाळवाण्या हिशोबासाठी पगारी माणूस आधी नेमणे, हे सारे चाते सरळ करण्यासारखे आहे. निदान आणि औषधोपचार हेही त्यातच येतात. ते डॉक्टरांचे क्षेत्र, इतिहासाचे नव्हे.

वर्ध्यात हा वारसा संपूर्ण विरलेला नाही. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही उभे आहे. तिथे नाना तऱ्हेचे चरखे पाहावयास मिळतात आणि ‘मगन खादी’ या नावाने सेंद्रिय कापसाचे, नैसर्गिक रंगांचे कापडही तयार होते. मगनवाडीच्या आवारातच ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था काम करते. जानकीदेवींच्या नावाचा पुरस्कार १९९०च्या दशकापासून ग्रामीण उद्योजक स्त्रियांना दिला जातो. राष्ट्रीय पातळीवर नाव राखण्याचे काम खादी आयोगाकडे आले आणि २०१३ पासून ‘खादी मार्क’ अनिवार्य झाला. पवनारला धाम नदीच्या काठी १२ फेब्रुवारीला सूतांजली वाहिली जाते. तिचे माप तेच, माणशी ६४० तारांची एक गुंडी. जाड-बारीक हातांच्या त्या गुंड्या एकाच ढिगात येतात.

आणि हिंगणघाट? त्या कापसाचे नाव परत आले नाही. शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला मात्र भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वायगावची नसलेली हळद त्या नावाने विकता येत नाही. ती हळद दळून पाकिटात भरणाऱ्या कोणत्याही स्त्रीला, मग तिचे लक्ष कितीही भिरभिरणारे असो, पाकिटावर वजन, तारीख आणि तुकडीचा क्रमांक छापावाच लागतो. ही सक्ती सरकारी आहे, कटकटीची आहे. पण तक्रार आली तर कोणत्या दिवशीचा माल होता हे आठवत बसावे लागत नाही. ते पाकिटावर लिहिलेले असते.